एकाकी घराची राखण: आधी मिनिटांचा हिशेब, मग कॅमेरे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वस्तीपासून दूर असलेले, महिनोन्‌महिने बंद राहणारे घर फुटले की सल्ला ठरलेला असतो: कॅमेरे बसवा. कॅमेरे बसतातही. बहुधा चार, घराच्या चार भिंतींवर, वळचणीखाली, भरवस्तीतल्या इमारतीला बसवतात तसेच. पुढच्या खेपेला घर फुटते तेव्हा पडद्यावर दिसतो टोपी पुढे ओढलेला एक माणूस, तोही वरून. कित्येकदा तेवढेही दिसत नाही, कारण चित्रण साठवणारी पेटी टीव्हीशेजारी ठेवलेली असते आणि ती टीव्हीबरोबरच जाते. अशा घरांच्या यंत्रणा बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम करणाऱ्यांच्या वतीने हे पत्र लिहीत आहोत. कॅमेरा निरुपयोगी आहे असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. तो चुकीच्या जागी लागतो, त्याची सूचना उशिरा येते आणि त्याच्यामागे कोणी उभे नसते, हे आमचे म्हणणे आहे.

एकाकी घराच्या बाबतीत तीन वेळा मोजाव्या लागतात. चोरटा हद्दीत शिरल्यापासून मालकाला कळेपर्यंतची, दारे-कुलपे त्याला अडवून धरतील ती, आणि खात्रीचा माणूस तिथे पोहोचेल ती. समजा सर्वात जवळचा माणूस २५ मिनिटांवर राहतो. कॅमेरा दारावर असेल तर सूचना चोरटा दाराशी आल्यावर निघेल. साधा कडी-कोयंडा कटावणीने दोन मिनिटांत उचकटतो, सामान काढायला दहा मिनिटे पुरतात. बारा मिनिटांत काम आटोपते आणि माणूस पोहोचतो तेव्हा दार उघडे असते. आता तीच सूचना घरापासून चारशे मीटर अलीकडे, फाटकाशी निघाली तर पायी येणाऱ्याच्या चालीने पाच मिनिटे हाती लागतात. दार मजबूत करून आणखी आठ मिनिटे मिळवली की बारा, पाच आणि आठ यांची बेरीज २५ वर येते. या बेरजेत एकही महागडा कॅमेरा नाही. आहे ती फक्त जागा आणि लाकूड-लोखंडाचे काम.

म्हणून पहिला कॅमेरा घरावर नको, वाटेवर हवा. घराकडे येणाऱ्या सगळ्या वाटा आधी पायी फिरून पाहाव्यात. चोरट्याला जड वस्तू न्यायच्या असतात, त्यामुळे तो बहुधा वाहन आणतो, आणि वाहन जिथून येऊ शकते अशा वाटा एक किंवा दोनच असतात. जिथे वाट अरुंद होते, वळते किंवा फाटकापाशी वाहनाला थांबावेच लागते, ती जागा पहिली. फाटकाला कुलूप असणे इथे कामाला येते, कारण चोरटा वाहनातून उतरतो, कुलपाशी खटपट करतो आणि तेवढा वेळ त्याचा चेहरा एका ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या अंतरावर स्थिर राहतो. याहून चांगली संधी घराच्या भिंतीवर मिळत नाही.

वाटेवर वीज नसते. तिथे बॅटरीवर चालणारा, सिमकार्ड असलेला ट्रेल कॅमेरा, म्हणजे वन्यजीव टिपणाऱ्यांचा कॅमेरा, सर्वात भरवशाचा. तो एरवी झोपलेला असतो आणि पीआयआर सेन्सरने उष्णतेची हालचाल ओळखली की जागा होतो. हा सेन्सर समजून घेतला नाही तर अर्धे फोटो रिकाम्या रस्त्याचे येतात. तो माणूस पाहत नाही, पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या तापमानाची वस्तू त्याच्या पट्ट्यांमधून आडवी सरकली की जागतो. सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने चालत येणारा माणूस त्याला फार उशिरा कळतो. कॅमेरा वाटेला काटकोनात लावला तर सेन्सर तत्पर राहतो, पण चेहऱ्याऐवजी कान मिळतो. वाटेशी साधारण ४५ अंशांचा कोन दोन्ही गोष्टी साधतो. अंतर पाच-सहा मीटर. जमीन तापून शरीराच्या तापमानाजवळ पोहोचली की, म्हणजे ३५ ते ३७ अंशांच्या आसपास, सेन्सरचा पल्ला खूप घटतो. अशा दुपारी तो आंधळा झाला असे समजूनच दुसरी सोय ठेवावी. उलट उन्हात तापलेली, वाऱ्याने हलणारी फांदी त्याला दिवसभर जागवते. कॅमेऱ्यासमोरचे चार मीटरपर्यंतचे गवत आणि फांद्या कापल्या की खोट्या सूचना झपाट्याने कमी होतात. काचेमागून पीआयआर चालत नाही, कारण शरीरातून निघणाऱ्या त्या लांब तरंगलांबीच्या किरणांना काच अडवते. खिडकीच्या आत लपवलेला कॅमेरा बाहेरची चाहूल या मार्गाने कधीच घेणार नाही.

उंचीबद्दल सरसकट सल्ला चुकतो. वाटेवरचा कॅमेरा माणसाच्या नजरेच्या रेषेत नसावा, म्हणून अडीच-तीन मीटरवर झाडाला किंवा खांबाला बांधून, मागे लाकडाची पाचर मारून किंचित खाली झुकवावा. पण चेहरा ओळखायचा असेल तर याहून वर जाऊन उपयोग नाही. कॅमेऱ्याचा खाली पाहण्याचा कोन वाढत गेला की टोपीच्या पुढच्या कडेखाली सगळे झाकले जाते. यावर उपाय म्हणजे दोन कॅमेरे: एक दिसेल असा उंचावर, दुसरा दीड-दोन मीटरवर लपवलेला आणि पहिल्याकडे तोंड करून असलेला. चोरटा दिसणारा कॅमेरा तोडायला किंवा झाकायला जातो आणि त्या वेळी दुसऱ्यासमोर येतो. लपवलेला कॅमेरा पोलादी पेटीत, झाडाला तारेच्या दोराने कुलूपबंद असावा.

रात्रीच्या न दिसणाऱ्या, म्हणजे अवरक्त (इन्फ्रारेड), प्रकाशाचे दोन प्रकार मिळतात. ८५० नॅनोमीटरचे दिवे लांबवर उजेड टाकतात, पण समोरून पाहिले की मंद लाल ठिपके दिसतात. ९४० नॅनोमीटरचे दिवे डोळ्यांना दिसत नाहीत, मात्र कॅमेऱ्याचा सेन्सर त्या प्रकाशाला कमी संवेदनशील असल्याने पल्ला बराच कमी पडतो. लपवलेल्या कॅमेऱ्याला ९४० आणि घरावरच्या उघड कॅमेऱ्याला ८५०, ही वाटणी योग्य. खोक्यावर लिहिलेले ‘३० मीटर रात्रदृष्टी’ म्हणजे ३० मीटरवर काहीतरी हलताना दिसेल एवढेच. अंतर दुप्पट झाले की त्या जागी पडणारा प्रकाश चौथाई होतो, त्यामुळे चेहऱ्याची अपेक्षा त्या आकड्याच्या एक चतुर्थांश अंतरापर्यंतच ठेवावी.

आता घरावरच्या कॅमेऱ्यांकडे. इथे सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो रुंद भिंगात. आयईसी ६२६७६-४ या कॅमेरा-यंत्रणांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत एक सोपे मोजमाप दिले आहे: चित्रात एका मीटरला किती पिक्सेल येतात. कोणी आहे एवढे कळायला २५, ओळखीचा माणूस आहे का हे कळायला १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५०. आता १०८० दर्जाच्या कॅमेऱ्याला आडवे १९२० पिक्सेल असतात. १९२० भागिले २५० म्हणजे साडेसात मीटरपेक्षा थोडी जास्त रुंदी. २.८ मिलिमीटर भिंग सुमारे १०५ अंश पाहते, म्हणजे ही रुंदी तीन मीटर अंतरावरच भरते. चौथ्या मीटरपासून पुढचा चेहरा ओळखीपुरता राहत नाही. ६ मिलिमीटरचे भिंग सुमारे ५० अंश पाहते आणि हीच रुंदी आठ मीटरवर मिळते. १२ मिलिमीटरचे भिंग सुमारे २५ अंशांचे, तिथे १७ मीटरपर्यंत जाता येते. म्हणून अंगणभर पाहणारा एक रुंद कॅमेरा आणि दार, फाटक, मागची खिडकी अशा ठरावीक जागांवर रोखलेले अरुंद कॅमेरे, ही जोडी हवी. चारही रुंद कॅमेरे घेतले तर गोष्ट घडल्याचे कळते, कोणी केली हे कळत नाही.

पिक्सेल असूनही रात्रीचे चेहरे पुसट येतात त्याचे कारण शटर. अंधारात कॅमेरा आपोआप शटर जास्त वेळ उघडे ठेवतो. नेहमीच्या चालीने चालणारा माणूस सेकंदाला सुमारे १.४ मीटर जातो. एक पंचविसांश सेकंदात तो साडेपाच सेंटिमीटर सरकतो, आणि चेहऱ्यावरची डोळ्यांची जागा तेवढी फासली जाते. शटर एक शतांश सेकंदावर बांधून ठेवले तर फासणे दीड सेंटिमीटरच्या आत राहते. चित्र काळोखे वाटेल, त्यासाठी वेगळा अवरक्त दिवा लावावा, शटर सैल करू नये. सेकंदाला १५ चित्रे या कामाला पुरेशी आहेत. वाहनाचा क्रमांक टिपायचा तर त्यासाठी स्वतंत्र कॅमेराच लागतो: शटर एक पाचशेअंशाहून जलद, वाहनाच्या दिशेशी कोन ३० अंशांच्या आत, स्वतःचा अवरक्त दिवा. त्यात बाकी सगळे काळे दिसते आणि फक्त पाटी उजळते. ते बरोबर आहे. सर्वसाधारण कॅमेऱ्यात रात्री पुढच्या दिव्यांचा झोत येतो आणि पाटी पांढरी होऊन जाते.

बसवताना होणाऱ्या काही चुका लहान वाटतात, पण चित्रण निकामी करतात. वळचणीचे पांढरे लाकूड किंवा भिंत चौकटीच्या कडेला आली की अवरक्त प्रकाश तिथून परततो आणि कॅमेरा सगळे दृश्य काळे करतो. कॅमेरा पूर्व-पश्चिम रोखला तर सकाळ-संध्याकाळ सूर्य समोर येतो. अवरक्त दिव्यांपाशी कीटक येतात, कीटकांमागे कोळी येतो, आणि जाळ्याचा एक तंतू रात्री सगळा पडदा पांढरा करतो व दर मिनिटाला खोटी सूचना पाठवतो. दिवा कॅमेऱ्यापासून मीटरभर बाजूला लावला तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. पाणी कॅमेऱ्यात क्वचितच घुसते, ते घुसते वायरच्या जोडातून. आयपी ६६ किंवा ६७ हा धूळ-पाणी रोखण्याचा शिक्का कॅमेऱ्याच्या कवचाचा असतो, शेपटीच्या जोडाचा नसतो. जोड बंद डब्यात घ्यावा, वायर डब्यात शिरण्याआधी खाली एक झोल ठेवावा म्हणजे थेंब तिथून गळतो, आणि नेटवर्कच्या पिनांना ओल रोखणारे डायलेक्ट्रिक ग्रीस लावावे. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल पीओईसाठी, म्हणजे नेटवर्कच्याच केबलमधून वीज पुरवण्यासाठी, घेऊ नये. तिचा विरोध जास्त असतो आणि दमट हवेत जोड गंजतात. उंदीर वायर कुरतडतात, म्हणून पोटमाळ्यावरून जाणारी वायर नळीतूनच न्यावी.

एक बिघाड इतक्या वेळा समोर येतो की त्याचे गणित इथे देणे भाग आहे. कॅमेरा दिवसभर नीट चालतो आणि अंधार पडताच बंद-चालू होत राहतो. मालक कॅमेरा बदलतो, तरी तेच. दोष वायरीत असतो. रात्री अवरक्त दिवे लागले की प्रवाह वाढतो, समजा एक अँपिअर होतो. बॅटरीपासून कॅमेरा २० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वायर ४० मीटर. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीत १.४ व्होल्ट वाटेतच जातात, आणि बारा व्होल्टचे साडेदहाच्या घरात येतात. दीड चौरस मिलिमीटरची वायर घातली की घट अर्ध्या व्होल्टवर येते आणि बिघाड नाहीसा होतो. अंतर याहून मोठे असेल तर ४८ व्होल्टचे पीओई घ्यावे, त्याची मर्यादा १०० मीटर. दोन इमारतींमध्ये केबल उघड्यावरून जात असेल तर विजेच्या कडकडाटात ती दोन्ही टोकांची यंत्रे जाळते. तिथे ऑप्टिकल फायबर उत्तम, नाहीतर दोन्ही टोकांना सर्ज अरेस्टर, म्हणजे विजेचा लोंढा जमिनीत वळवणारे उपकरण, आणि नीट अर्थिंग.

विजेचा हिशेब आधी कागदावर मांडावा. एक सतत चालणारा कॅमेरा सरासरी पाच वॉट, ४जी राउटर पाच वॉट. दहा वॉट गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला २४० वॉट-तास, बारा व्होल्टच्या बॅटरीतून २० अँपिअर-तास. चार दिवस ऊन पडले नाही असे धरले तर ८०. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून १६० अँपिअर-तासांची हवी. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० ची पुरते. पॅनेलसाठी वर्षातला सर्वात वाईट महिना धरावा, सरासरी नव्हे. त्या महिन्यात दिवसाला दोन तासांचे पूर्ण ऊन मिळत असेल आणि वाटेतली गळती ३० टक्के धरली तर १७० वॉटचे पॅनेल लागते. चार तासांच्या उन्हावर हिशेब करून ८५ वॉटचे बसवणारे पुष्कळ आहेत. ती यंत्रणा नेमकी ढगाळ आठवड्यांत, म्हणजे घराकडे कोणी फिरकत नाही तेव्हा, बंद असते. पॅनेलवर एका फांदीची सावली पडली तरी उत्पादन सावलीच्या आकाराच्या मानाने खूपच जास्त घटते. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये, कायमची बिघडते. थंड प्रदेशात तापमान पाहून चार्जिंग तोडणारी बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारे सर्किट, असलेलीच घ्यावी. उष्ण जागी बॅटरीची पेटी सावलीत हवी. ट्रेल कॅमेऱ्यात अल्कलाइन पेन्सिल सेल थंडीत लवकर दम सोडतात. लिथियम-आयर्न डायसल्फाइडचे १.५ व्होल्टचे सेल उणे ४० अंशांपर्यंत काम करतात आणि गळत नाहीत.

हे सगळे पाहिले की सतत चित्रण करणाऱ्या यंत्रणेचा मोह आवरावा असे आम्हाला वाटते. वीज नसलेल्या ठिकाणी झोपणारे-जागणारे कॅमेरे तीन-चार आणि सतत जागा असलेला एकच, ही मांडणी टिकते. बॅटरीवरच्या वाय-फाय कॅमेऱ्याला जाग यायला एक ते काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात माणूस चौकटीतून निघून जाऊ शकतो. चांगला ट्रेल कॅमेरा अर्ध्या सेकंदाच्या आत फोटो घेतो. वाटेवर हा फरक निर्णायक ठरतो, ओसरीवर फारसा नाही.

सूचना बाहेर जाण्यासाठी मोबाइलचे जाळे लागते. फोनवरच्या रेंजच्या कांड्यांवर विसंबू नये. राउटरच्या पडद्यावर आरएसआरपी, म्हणजे येणाऱ्या सिग्नलची ताकद सांगणारा आकडा, पाहावा. उणे १०० डीबीएमपेक्षा चांगला असेल तर काम सुरळीत चालते, उणे ११० च्या आसपास फोटो जातात पण चित्रफीत अडखळते, उणे १२० ला काहीच खात्री नाही. दिशादर्शी अँटेना उंच लावून टॉवरकडे रोखली की फरक पडतो. मात्र अँटेना छतावर आणि राउटर खाली खोलीत ठेवून मध्ये दहा मीटर आरजी ५८ जातीची बारीक केबल टाकली तर अँटेनाने मिळवलेले सारे केबल खाऊन टाकते. ४जीच्या वरच्या पट्ट्यांत तिची घट मीटरला अर्ध्या डेसिबलहून जास्त असते. राउटरच वर अँटेनाशेजारी बंद डब्यात ठेवावा आणि खाली नेटवर्कची केबल आणावी. कॅमेरा घेताना तो स्थानिक ४जी पट्ट्यांवर चालतो का हे तपासावे. फक्त २जी किंवा ३जीवर चालणारा जुना माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, ती जाळी अनेक देशांत बंद झाली आहेत किंवा होत आहेत.

डेटाचाही हिशेब असाच. १०८० दर्जाचे, एच.२६५ पद्धतीने दाबलेले चित्रण २ मेगाबिट वेगाने सतत बाहेर पाठवले तर तासाला ९०० एमबी, दिवसाला साडेएकवीस जीबी. हे सिमवर परवडणारे नाही आणि त्याची गरजही नाही. सतत चित्रण कॅमेऱ्यातल्या कार्डावर ठेवावे. १२८ जीबीच्या कार्डावर ते सुमारे सहा दिवस राहते आणि मग जुने पुसले जाते. बाहेर जाव्यात त्या घटनेच्या २० सेकंदांच्या फिती. एक फीत सुमारे पाच एमबी, दिवसाला तीस गेल्या तरी महिन्याला साडेचार जीबी. आधी छोटा फोटो जावा आणि मागून फीत, असा क्रम लावता येत असेल तर जरूर लावावा. कमी रेंजमध्ये फोटो काही सेकंदांत पोहोचतो आणि चोरट्याने पुढे कॅमेरा फोडला तरी तो आधीच बाहेर पडलेला असतो. कार्ड ‘हाय एंड्युरन्स’ जातीचे घ्यावे. फोनसाठीचे साधे कार्ड सततच्या लिहिण्याने काही महिन्यांत बंद पडते आणि पडल्याचे सांगतही नाही.

पासवर्डबद्दल थोडक्यात. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे, डीव्हीआर (चित्रण साठवणाऱ्या पेट्या) आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जोरावर झालेल्या हल्ल्याने अनेक नामांकित संकेतस्थळे काही तास बंद पडली. मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी आणि कॅमेऱ्यासाठी राउटरवर पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत येण्याची वाट, उघडू नये. तसेही बहुतेक मोबाइल सिमवर स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, त्यामुळे पोर्ट उघडून काही साधतही नाही. बाहेरून पाहायचे तर राउटरमधून व्हीपीएन, म्हणजे कूटबद्ध खासगी मार्ग, जोडावे. वाय-फायचे सिग्नल स्वस्त यंत्राने गोंधळात टाकता येतात. म्हणून निदान एक कॅमेरा तारेने जोडलेला असावा.

खोट्या सूचनांना आम्ही सर्वात मोठा शत्रू मानतो. दिवसाला चाळीस वेळा फोन वाजला की तिसऱ्या आठवड्यात मालक सूचना बंद करून ठेवतो, आणि त्यानंतर यंत्रणा असून नसल्यासारखी. कॅमेऱ्यातली माणूस-वाहन ओळखण्याची सोय चालू करावी, वाटेपुरताच भाग आखून द्यावा आणि लहान आकाराच्या हालचाली वगळाव्यात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन वेगळ्या जातींच्या सूचना एकमेकींना ताडून पाहाव्यात. दाराच्या चौकटीतला चुंबकीय रीड स्विच दार हलल्याशिवाय वाजत नाही. तो कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी साधा आणि कितीतरी विश्वासू आहे. वाटेच्या कडेला पुरण्याचा चुंबकीय सेन्सर लोखंडी वाहन गेले तरच जागतो, जनावराला दाद देत नाही. वाटेवरची सूचना आली तर फोन हलका वाजावा, वाटेची आणि दाराची लागोपाठ आली तर मोठ्याने. ११० डेसिबलचा भोंगा आणि लखलखणारा दिवा दोन्ही सूचना लागोपाठ आल्या तरच चालू व्हावा. भोंग्याची बॅटरी वेगळी आणि भोंगा हाताला न लागणाऱ्या उंचीवर हवा.

दुसरा शत्रू शांतता. सूचना येत नाही म्हणजे सगळे ठीक आहे असे मालक धरून चालतो. प्रत्यक्षात सिमची मुदत संपलेली असते, राउटर अडकलेला असतो किंवा कार्ड मेलेले असते. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याने रोज दुपारी ठरलेल्या वेळी एक फोटो पाठवावा, आणि तो आला नाही तर ती चोरीची शक्यता धरूनच चौकशी व्हावी. राउटरचा पुरवठा रोज पहाटे एक मिनिट तोडणारा साधा टायमर लावला की अडकलेला राउटर पुन्हा उभा राहतो. तो पुरवठा तोडण्याची वेळ दुपारच्या फोटोच्या आड येऊ देऊ नये. घड्याळ नेटवर्कवरून आपोआप जुळेल अशी सोय ठेवावी. चित्रणावरची वेळ चुकीची असली की पुरावा म्हणून त्याची किंमत घटते.

दाराचे काम कॅमेऱ्याच्या आधी उरकावे. कोयंड्याचे २० मिलिमीटरचे स्क्रू काढून आरपार जाणारे बोल्ट लावावेत, नट आतून. चौकटीचे स्क्रू ७५ मिलिमीटरचे, भिंतीत शिरणारे. बिजागऱ्या बाहेर असतील तर दाराच्या त्या कडेला आतून खुंट्या बसवाव्यात, म्हणजे बिजागरीची सळई काढली तरी पान निघत नाही. चित्रण साठवणारी पेटी, बॅटरी आणि राउटर एका पोलादी कपाटात, जमिनीला बोल्टने जखडून, आणि ते कपाट घरात शिरताच दिसणार नाही अशा जागी. शिडी, पहार, कुदळ अंगणात सोडू नयेत. चोरटे घरातलीच अवजारे वापरतात. मौल्यवान वस्तू अशा घरात ठेवूच नयेत आणि ज्या ठेवाव्या लागतात त्यांचे अनुक्रमांक फोटोसह लिहून ठेवावेत.

आणि माणूस. सूचना कोणाला जाणार, तो नसेल तर दुसरा कोण, हे ठरलेले नसेल तर यंत्रणा बसवण्यात अर्थ नाही. त्या दोघांकडे एक कागद असावा: घराचे अक्षांश-रेखांश, वाहनाने येण्याचा रस्ता, फाटकाच्या किल्लीची जागा, पोलिसांचा क्रमांक. कोणीही एकट्याने आत जाऊ नये, चोरट्याला अडवू नये. लांब थांबून दिवे लावावेत, वाहन टिपावे आणि पोलिसांची वाट पाहावी. सामान परत मिळवता येते. या एका बाबतीत आम्ही कोणाशीही वाद घालायला तयार आहोत.

यंत्रणा बसल्यावर तिची परीक्षा रात्री घ्यावी. टोपी पुढे ओढून, खांद्यावर पिशवी घेऊन, फाटकापासून दारापर्यंत चालत यावे आणि फोन केव्हा वाजला ते सेकंदात मोजावे. मग राउटर बंद करून, मग मुख्य वीज तोडून, मग एका कॅमेऱ्यावर कापड टाकून तेच पुन्हा करावे. जो आकडा येईल तो पहिल्या हिशेबात घालून बेरीज परत तपासावी. ऋतू बदलला की ही परीक्षा पुन्हा, कारण गवत वाढलेले असते आणि सूर्य सरकलेला असतो. कॅमेऱ्याच्या चौकटीत शेजाऱ्याचे अंगण किंवा सार्वजनिक पाणवठा येत असेल तर तो भाग काळ्या पट्टीने झाकावा आणि फाटकावर चित्रण चालू असल्याची पाटी लावावी. आवाज टिपण्याचे नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत, ते पाहूनच मायक्रोफोन चालू करावा.

चोरी झालीच तर कॅमेऱ्यातले कार्ड लगेच काढून घ्यावे, नाहीतर काही दिवसांत तेच चित्रण पुसले जाईल. फोनच्या पडद्यावरून केलेले चित्रीकरण किंवा निरोपाच्या अ‍ॅपमधून पाठवलेली दबलेली प्रत देऊ नये, मूळ फाइलच द्यावी. तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलचा अंकीय ठसा, काढून ठेवावा, म्हणजे पुढे कोणी फेरफाराची शंका घेतली तर उत्तर देता येते.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. घरफोडीच्या बातमीत ‘कॅमेरे असूनही’ एवढे छापून थांबू नये. कॅमेरा कुठे होता, सूचना किती वाजता निघाली, ती कोणी पाहिली आणि माणूस किती मिनिटांत पोहोचला, ही चार उत्तरे बातमीदारांनी विचारून छापावीत.

आपले,
बंद घरांच्या सुरक्षायंत्रणा बसवणारे व दुरुस्त करणारे तंत्रज्ञ